कोहौतेकला तेल

माणसाने फोनवर दोनच वाक्यं बोलावीत. एक, "कोण बोलतंय?" आणि दुसरं, "काय म्हणालात, परत सांगा." मी ह्या दोन्ही वाक्यांना फाटा देऊन "समजलं" म्हणालो. परत विचारायचं नाही, हा निर्णय तसा लहानसाच होता. त्यातून पुढे जे रामायण घडलं ते सांगताना आजही माझ्या उजव्या हाताचं बोट ठणकतं. (बोटाचा संबंध काय, ते पुढे येईलच.)

आधी एका शब्दाचा खुलासा करतो, कारण सगळं खापर मला त्याच्यावर फोडायचं आहे. आमच्या चेक भाषेत कोहौतेक म्हणजे कोंबडा, लहानसा, लाडाचा. नळाची तोटी असते, तीही कोहौतेकच. आणि पिस्तुलाच्या मागे जो चढवायचा घोडा असतो, त्यालाही आम्ही कोहौतेकच म्हणतो. तुमच्याकडे पिस्तुलाला घोडा बसवला, आमच्याकडे कोंबडा. पूर्वजांना प्राणी कमी पडले की शब्द, देव जाणे, पण त्यांनी जरा जास्त डोकं चालवलं असतं तर आज माझी घरात काही किंमत राहिली असती.

फोन होता सासऱ्यांचा, इस्पितळातून. त्यांचं नाव वेंडेलीन. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस, गुडघा बदलायला भरती झालेला. साझावा नदीकाठच्या खेड्यात त्यांचं घर आहे, आणि घरामागे त्यांची वर्कशॉप. लोक जिला खोपटं म्हणतील अशीच ती आहे, पण आत गेलं की जवसाच्या तेलाचा वास, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, मधे कामाचा लांब ओटा, खिडकीपाशी लाकूड आवळून धरायचा त्यांच्या आजोबांच्या वेळचा भलामोठा उभा शेगडा, भिंतीवर रंधे, पटाश्या, गिरमिटं, कानशी. आणि पोलादी कपाटात लष्कराने जुनं म्हणून विकायला काढलेलं एक पिस्तूल. म्हाताऱ्याचा जीव त्या खोलीत अडकलेला आहे. खरं सांगायचं तर माझाही. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार-खिडकीवर बसतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि घरी आल्यावर टीव्ही. त्या खोलीत एक मोडकी खुर्ची आहे. तिच्यावर बसलं की कोणी हाक मारत नाही. मला जगात दुसरं काही नको होतं, ती खुर्ची हवी होती.

म्हातारबुवांनी ऑपरेशनला जाण्याआधी जाहीर केलं होतं की वर्कशॉपची किल्ली ते आता एका जावयाला देणार. दोन जावई. एक मी, ओताकार कुबिश्ता. दुसरा माझा साडू राडेक. हा लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवून देतो आणि कामाच्या पँटलाही इस्त्री करतो. अटही सांगितली होती: "शनिवारी क्लबची बाई प्रदर्शनासाठी वस्तू निवडायला येणार. मी नसताना जो माझ्या वस्तू नीट सांभाळेल, किल्ली त्याची." राडेककडे हत्यारं सोपवली. माझं काम फोनवर सांगणार होते, आणि तो फोन आला तो असा.

"ओताकार! ऐकतोयस ना? इथे फोड करून सांगता येत नाही, खोलीत माणसं आहेत," सासरे कुजबुजले. (त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज वरच्या मजल्यापर्यंत जाते.) "कोहौतेक आखडलाय."

"अरेरे," मी म्हणालो.

"अरेरे काय? काम कर. आधी आत काही अडकलेलं नाही ना ते उघडून बघ. नुसतं डोळ्यांनी नाही, बोट घालून बघ. आणि तोंड कायम जमिनीकडे. माणसाकडे नाही!"

"जमिनीकडे."

"मग रॉकेलचा बोळा फिरव. वाळला की बारीक तेल, सांध्यासांध्यात. काळा आहे तो काळाच राहू दे, उगाच घासून चमकवायला जाऊ नकोस. मग अंगठ्याने दाबून धर आणि हळूहळू खाली बसव. धाडकन सोडलास तर गाठ माझ्याशी आहे. शनिवारी सकाळी तेलकट फडक्यात गुंडाळून ओट्यावरच्या लाकडी पेटीत ठेव. किल्ली तुझ्याकडे आहेच. समजलं?"

इथे मी तो ऐतिहासिक शब्द उच्चारला.

आता मला सांगा, ह्यात न समजण्यासारखं काय होतं? सासऱ्यांकडे मेजर नावाचा, पायात नंबराचं कडं असलेला एक काळा कोंबडा आहे. गेले कित्येक दिवस तो लंगडत होता, त्याच्या पायांना खवले धरले होते. कोंबड्याच्या पायाला रॉकेल आणि तेल लावतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सासरे कोंबडीवाल्यांच्या क्लबचे सभासद आहेत, त्यांचं दर वर्षी प्रदर्शन भरतं. खुराड्याला कोल्ह्याच्या भीतीने कुलूप असतं, त्याची किल्ली माझ्याच जुडग्यात. आणि खोलीत माणसं असताना एवढा दणकट म्हातारा आपण कोंबड्यावर जीव टाकतो हे कसं कबूल करणार? सगळं कसं चपखल बसलं. (सासरे जुन्या शस्त्रांच्या आणि हत्यारांच्या क्लबचेही सभासद आहेत, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी आठवलं नाही. माझी स्मरणशक्ती मालकाच्या सोयीने चालत नाही.)

"काय म्हणाले बाबा?" मिलाडाने विचारलं. मिलाडा माझी बायको.

"कोहौतेक बघायला सांगितलाय."

"कोणता?"

"कोणता म्हणजे? कोहौतेक!"

"वर्कशॉपबाहेरचा नळ म्हणाले असतील. दोन वर्षं गळतोय. बाई येणार, दारातच चिखल."

"ह्या घरात कोहौतेक म्हटलं की सगळ्यांना नळच कसा दिसतो?"

"तू पाणीखात्यात आहेस म्हणून! परत फोन कर आणि विचार."

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. आठवडाभर तोटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला सुट्टीतही तोटीच दाखवायची म्हणजे काय? मी सांगितलं, "मला व्यवस्थित समजलंय. परत विचारून मला राडेकसमोर मूर्ख ठरायचं नाही." मिलाडाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती असं पाहायची तेव्हा मला वाटायचं की ती माझ्या प्रेमात आहे.

शुक्रवारी आम्ही गावाला पोचलो. राडेक आधीच येऊन कामाला लागला होता. त्याने हाताच्या ड्रिल मशीनला तारेचा गोल ब्रश बसवला होता आणि आजोबांचा लोखंडी रंधा घर्रर्र करून घासत होता. ठिणग्या उडत होत्या. ओट्यावर तीन-चार पटाश्या आधीच अशा लखलखत होत्या की त्यात बघून दाढी करावी.

"राडेक, थांब! त्याच्यावर पणजोबांच्या नावाचा शिक्का आहे!" मिलाडा ओरडली.

"काय?" राडेक मशीन चालू ठेवूनच ओरडला.

"शिक्का! शिक्का!"

"पक्का! एकदम पक्का होणार!" राडेकने अंगठा वर केला.

शेवटी मशीनची बॅटरी संपली म्हणून तो थांबला. तोवर हत्यारांच्या मांडणीचा वरचा खण चकचकीत झाला होता, खालचा तसाच तपकिरी राहिला होता. मिलाडाने रंधा हातात घेऊन बघितला, ओट्यावर ठेवला आणि ती बाहेर गेली. मला आतून जळफळाट झाला, तो शिक्क्यासाठी नव्हे, ते कबूल केलेलं बरं. मला वाटलं, संपलं, एवढी चमक बघून किल्ली राडेकलाच मिळणार. आता माझी सगळी भिस्त मेजरवर.

मेजरला पकडणं हा एक स्वतंत्र विषय आहे. लंगडा कोंबडा किती पळू शकतो ह्याचा अंदाज ज्याने तो पकडला नाही त्याला येणार नाही. करवंदीएवढ्या काटेरी झुडपांतून, कांद्याच्या वाफ्यातून, एकदा तर शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरींमधून मी त्याच्यामागे धावलो. शेवटी तो दमला, किंवा त्याला माझी कीव आली.

मग मी हुकमाबरहुकूम सुरुवात केली. तोंड जमिनीकडे. (म्हणजे मी त्याला उलटा धरला.) आत काही अडकलंय का ते बघायला चोच उघडली. डोळ्यांनी काही दिसेना. सासरे म्हणाले होते बोट घाल. मी घातलं. कोंबड्याला दात नसतात अशी माझी समजूत होती, आणि ती पुस्तकात खरीही असेल.

"आई गं!" माझी किंकाळी ऐकून मिलाडा पाना हातात घेऊन धावत आली. ती नळाचा वायसर बदलत होती.

"काय करतोयस तू?"

"आत काही अडकलेलं नाही," मी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणालो. "आता अंगठ्याने दाबून खाली बसवायचाय."

"बाबांनी सांगितलं? कोंबड्याच्या तोंडात बोट घाल म्हणून?"

"शब्द न् शब्द."

"भूल अजून उतरली नसेल त्यांची," मिलाडा म्हणाली आणि नळाकडे परत गेली. मीही पुढची कलमं पार पाडली. रॉकेल झालं, तेल झालं. पंखांची काळी झाक मी मुळीच घासली नाही. अंगठ्याने पाठ दाबून त्याला इतकं हळूच खाली बसवलं की आमच्या लग्नात मी स्वतःही इतक्या हळू बसलो नव्हतो.

शनिवारी सकाळी मेजरला दाणे चारले, पोटभर, प्रदर्शनाला भरलेला दिसावा म्हणून. मग तेलकट फडक्यात गुंडाळून ओट्यावरच्या लाकडी पेटीत ठेवला. अंधार झाला की कोंबडा गप्प होतो, तसा तोही झाला. झाकण मी जरासं उघडं ठेवून फटीत लाकडाची ढलपी खोचली. पेटीला आतून हिरवं मखमली अस्तर होतं आणि मधोमध कसल्याशा आकाराचा खळगा होता. (तो आकार कोंबड्याचा नव्हता, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकतो.)

क्लबच्या यारोलीमोवा बाई छोट्या गाडीतून आल्या. राखाडी केस, गळ्यात भिंग, हातांत पांढरे हातमोजे. कोंबडा तपासायला पांढरे मोजे घालणारी बाई मी प्रथमच पाहत होतो आणि मला तिच्याविषयी आदर वाटला. मिलाडा चहाचं बघायला आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, आणायला स्वयंपाकघरात गेली. राडेक आपल्या चकाकत्या हत्यारांपाशी छाती काढून उभा राहिला. पण बाई म्हणाल्या, "आधी मुख्य नमुना बघू. वेंडेलीन साहेबांनी फार वर्णन केलंय. तो लष्करी."

"मेजर," मी अभिमानाने म्हणालो.

"असं? मेजरकडचा? ते नव्हते बोलले. मूळ स्थितीत आहे ना? काही बदललेलं, रंगवलेलं नाही?"

"छे हो. जन्मल्यापासून आहे तसा आहे. काळा कुळकुळीत."

"नंबर?"

"आहे ना. खाली, कड्यावर."

"कडं अजून शाबूत आहे?" बाईंचे डोळे चमकले. "बहुतेकांची तुटून गेलेली असतात! आणि कोहौतेक?"

'आणि कोहौतेक' म्हणजे काय, इतका वेळ आपण कोणाबद्दल बोलतोय, असं माझ्या मनात आलं. पण मोठी माणसं तपासताना एकेक मुद्दा दोनदा विचारतात. "आखडला होता. काल तेल दिलं. आता एकदम मोकळा," मी म्हणालो.

"उत्तम. म्हणजे चालू आहे म्हणायचा?"

"चालू? आज पहाटेच तीन-चारदा झालं की."

"काय झालं?"

"आवाज! रोजच असतो. शेजारी तक्रार करतात, पण सासरे कोणाला जुमानत नाहीत."

बाईंनी भिंग खाली सोडलं. "रोज पहाटे? इथे, अंगणात?"

"कधी अंगणात, कधी कुंपणावरून. उन्हाळ्यात जरा लवकर."

"शेजाऱ्यांच्या दिशेने?"

"तोंड बहुतेक त्यांच्याकडेच असतं," मला खोटं बोलवेना. "पण काल आम्ही जमिनीकडे धरलं होतं."

बाईंचा चेहरा मोज्यांच्या रंगाचा झाला. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकल्या. "कुबिश्ता साहेब, आत्ता... आत्ता तो रिकामा आहे ना?"

"रिकामा?" मी दुखावलो. "तुम्ही येणार आणि मी रिकामा ठेवीन? सकाळीच भरलाय. स्वतःच्या हाताने. गच्च!"

"भरलेला? आणि पेटीत ठेवलात?"

"काळजी करू नका, अंगठ्याने दाबून बसवलाय."

"सगळे मागे व्हा!" बाई अशा आवाजात ओरडल्या की राडेक, ज्याला आधीच पिस्तुलाची भीती वाटते आणि ज्याला आमच्यातलं हे संभाषण माझ्याहून बरंच आधी कळलेलं होतं, तो ओट्याखाली घुसला. त्याच क्षणी पेटी हलली. आतून 'खट' असा आवाज आला.

"खाली झोपा!" बाई किंचाळल्या आणि स्वतः शेगड्याच्या आड बसल्या. मी एकटाच उभा राहिलो. (लोक ह्याला पुढे शौर्य म्हणतील असं मला वाटलं होतं. कोणी म्हटलं नाही.)

झाकण उडालं आणि तेलकट फडकं डोक्यावर घेतलेला मेजर बाहेर आला. त्याने दोनदा पंख झाडले. त्यातलं निम्मं तेल बाईंच्या पांढऱ्या मोज्यांवर आणि निम्मं राडेकच्या हत्यारांवर उडालं. मग तो घासलेल्या रंध्यावर चढला, तिथे त्याचा पाय घसरला, सावरला, आणि सकाळी भरलेल्या मालापैकी थोडा त्याने त्या चकाकत्या रंध्यावर रिकामा केला. आणि छाती काढून आरवला.

"हे काय आहे?" यारोलीमोवा बाईंनी शेगड्याआडून विचारलं.

"कोहौतेक," मी म्हणालो.

मग बाई उठल्या, मोजे काढले आणि हळूहळू, मुलाला समजावतात तसं म्हणाल्या, "मी कोंबडीवाल्या क्लबची नाही. त्यांचं प्रदर्शन डिसेंबरात असतं. मी पिस्तूल बघायला आलेय."

तेव्हा कुठे तो तिसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. आत बोट घालून बघ. तोंड जमिनीकडे. अंगठ्याने दाबून हळू खाली बसव. एकेक वाक्य परत आलं आणि मला शिवी देऊन गेलं. पिस्तूल पोलादी कपाटात तसंच पडलं होतं, घोडा आखडलेला, तेलाचा थेंब न लागलेला. किल्ली तर गेलीच, पण म्हातारा तिकडे पलंगावर पडल्या पडल्या ह्या दिवसाची वाट बघत होता, हे आठवून मला खरोखर शरमल्यासारखं झालं. बाई पर्स उचलत होत्या.

"जरा थांबा," दारातून आवाज आला. मिलाडा कोलाच्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट राडेकच्या हातात दिलं (तो नुकताच ओट्याखालून निघाला होता, इस्त्रीच्या पँटला भुसा लागलेला), माझ्या कमरेचं जुडगं काढलं आणि कपाट उघडलं. मिलाडाकडेही पिस्तुलाचा परवाना आहे. मला तो तिसऱ्या खेपेला मिळाला, तिला पहिल्याच. ती ह्याच खोलीत लहानाची मोठी झाली. तिने पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे धरलं, काडतुसांचा खण काढला, वरचा भाग मागे ओढून आत बघितलं, करंगळी घालून बघितलं आणि मगच ते बाईंच्या हातात दिलं. मी हेच सगळं केलं होतं, फक्त कोंबड्यावर.

बाईंनी भिंग लावलं. नळीतून खिडकीकडे बघितलं. नंबर तपासले, इथला, तिथला, खणावरचा. सगळे एकच निघाले. लाकडी मुठीवरून आणि तिच्याखालच्या दोरी ओवायच्या कड्यावरून अंगठा फिरवला. घोड्याशी जराशा अडखळल्या. मिलाडाने पिनेच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेऊन सांध्यात सोडला, दोनदा घोडा चढवून अंगठ्याने हळू उतरवला आणि तो मऊ चालू लागला.

"ह्याला इतक्यात कोणी हात लावला होता?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही," मी मान खाली घालून म्हणालो.

"देवाची कृपा! लोक घासून घासून वाट लावतात. ही जुनी काळी झाक एकदा गेली की गेली. ज्याने हात लावला नाही त्याचे आभार माना."

मी मान जरा वर केली. मिलाडाने माझ्याकडे पाहिलं, मी परत खाली घातली.

मग बाई हत्यारांकडे वळल्या. मिलाडाने रंधा पुसून दिला. "हा नवा घेतलात का?"

"नवा?" राडेक आनंदला. "शंभर वर्षं जुना आहे!"

"होता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. वरच्या खणातलं त्यांनी काहीच घेतलं नाही. खालच्या खणातली तपकिरी गिरमिटं, एक लाकडी रंधा आणि पिस्तूल त्यांनी निवडलं. जाताना एक कोलाच खाल्ला आणि गाडीत बसल्यावर काच वर करून बराच वेळ हसल्या. काच वर केली म्हणून आम्हाला दिसणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

सासरे कुबड्यांवर घरी आले तेव्हा मिलाडाने त्यांना सगळं सांगितलं. ते आधी वर्कशॉपमध्ये गेले. चकचकीत रंधा घेतला आणि जिथे शिक्का होता तिथे अंगठा फिरवत उभे राहिले. त्यांच्या आजोबांनी स्वतः ठोकलेलं नाव होतं ते. राडेकचा चेहरा बघवत नव्हता. त्याने जीव तोडून घासलं होतं, वाईट मनाने नाही. त्या वेळी मला त्याच्यावर हसावंसं वाटलं नाही.

"बाबा, पण तुम्ही सरळ पिस्तूल का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी म्हणालो होतो! शेजारच्या खाटेवरच्या माणसाने घंटी दाबली, नर्स आली, पाठोपाठ डॉक्टर आले, मला विचारायला लागले की घरी सगळं ठीक आहे ना!" सासरे उखडले. "आणि कोहौतेक म्हटल्यावर कुठल्या अकलेच्या कांद्याला कोंबडा आठवतो?"

"अंगठ्याने दाबून बसव म्हणालात..."

"कोंबड्याला? बसवायला? तो काय अंडी घालणार होता?"

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. "दोन जावई मला देवाने दिले. एकाने जे घासायचं नव्हतं ते घासलं. दुसऱ्याने जे घासायचं नव्हतं तेही घासलं नाही आणि तपासायचं होतं तेही तपासलं नाही, कोंबड्याच्या घशात बोट घालून बसला. मिलाडा, ही घे. खोली आजपासून तुझी."

राडेकचं तोंड उतरलं. माझं मात्र, खोटं कशाला बोलू, आतून फुललं. बायकोची खोली म्हणजे माझीच नाही का? साडूच्या हाती न जाता किल्ली फिरून माझ्याच घरात आली होती. एवढा सगळा फजितवाडा होऊनही शेवटी जे हवं होतं ते मिळालं, असं मी मनाशी म्हणालो. पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे जेवण झालं, मी वर्तमानपत्र घेतलं, सपाता सरकवल्या आणि मोडक्या खुर्चीवर बसायला वर्कशॉपकडे निघालो. धुराड्यातून धूर येत होता. शेगडी पेटलेली होती. माझ्या बायकोने माझ्यासाठी आधीच ऊब करून ठेवलीय, ह्या विचाराने मला अगदी गहिवरून आलं.

दार ढकललं तर आतून कडी.

"मिलाडा?"

"काय?"

"काय करतेयस आत?"

"बसलेय."

"काही काम?"

"काही नाही. नुसती बसलेय. खुर्चीत."

"मग उघड ना. मलाही बसायचंय. तुला माहीत आहे, जिथे कोणी हाक मारणार नाही अशी एक जागा मला किती वर्षांपासून हवी होती."

आत शेगडीत लाकूड तडकलं.

"मलाही," मिलाडा म्हणाली. "आणि मला हाका मारणारा एकच माणूस आहे, ओताकार."